बीजगणित कसं शिकवावं : आधी अडचण ओळखा, मग पद्धत निवडा

नववीतल्या एका मुलाच्या वहीत ही ओळ होती : ३क्ष = १२, म्हणून क्ष = १२ − ३ = ९. “असं का केलंस?” म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, “सर, बाजू बदलली की चिन्ह बदलतं ना.” नियम त्याने नीट पाठ केला होता आणि इमानदारीने वापरलाही होता. ३ आणि क्ष यांच्यामध्ये गुणाकार आहे, हे मात्र त्याला दिसलं नव्हतं, कारण तिथे चिन्हच लिहिलेलं नसतं. मी विचारलं, “तीन वह्यांचे १२० रुपये झाले, तर एक वही कितीला?” तो लगेच म्हणाला, “चाळीस.” गणित त्याला येत होतं. वहीतल्या त्या ओळीशी त्याचा संबंध कुणी जोडून दिला नव्हता.

पालक आणि नवे शिक्षक मला नेहमी विचारतात, “बीजगणित शिकवायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती? तराजूची, कागदी फरशांची, आकृतिबंधांची, की सरळ नियम सांगून भरपूर गणितं सोडवून घ्यायची?” माझ्या अनुभवात यातली प्रत्येक पद्धत एका ठिकाणी उत्तम चालते आणि दुसऱ्या ठिकाणी अडते. म्हणून निवड पद्धतीपासून सुरू करू नका. मूल नेमकं कुठे अडलंय ते आधी शोधा. बाराव्या-तेराव्या वर्षी अडलेली गाठ बहुतेक वेळा बीजगणितात नसते, ती अंकगणितात राहून गेलेली असते. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात. इथे मी जुन्या मराठी पुस्तकांसारखं क्ष, य, क असं लिहितो.)

पहिल्या दिवशी दहा मिनिटांची चाचणी

नवा विद्यार्थी आला की मी त्याला सात प्रश्नांचा कागद देतो. गुण देत नाही, हे आधीच सांगतो.

१. ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय येईल?
२. २० − ५ + ३ = ?
३. −३ − ५ = ?
४. क = ५ असेल, तर ३क किती?
५. ३क + ४ याचं आणखी सोपं रूप होतं का?
६. २/३ + १/४ = ?
७. एका शाळेत प्रत्येक शिक्षकामागे ३० विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या व आणि शिक्षकांची संख्या श असेल, तर दोघांमधला संबंध समीकरणाने लिही.

बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरं जास्त सांगून जातात. पहिल्यात १२ किंवा १७ लिहिणारं मूल समान चिन्हावर अडलंय. दुसऱ्यात १२ लिहिणाऱ्याने आधी ५ आणि ३ मिळवून घेतले, म्हणजे वजाचं चिन्ह कुणाचं आहे हे त्याला ठाऊक नाही. तिसऱ्यात +८ आलं, तर ‘वजा वजा अधिक’ हे घोषवाक्य नको तिथे वापरलं गेलं. चौथ्यात ३५ आलं, तर अक्षर ही त्याच्यासाठी रिकामी जागा आहे. पाचव्यात ७क आलं, तर पद म्हणजे काय ते कळलेलं नाही. सहाव्यात ३/७ आलं, तर आठवडाभर अपूर्णांकच करा, कारण पुढे छेदात क्ष आला की हीच चूक मोठी होऊन समोर येते. सातवा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

कागद तपासताना लाल पेन हातात घेऊ नका. मुलाला शेजारी बसवून एकच विचारा, “हे कसं काढलंस?” आणि मध्ये न बोलता ऐका. तेरा ते सोळा या वयात चारचौघांत चुकण्याची लाज फार असते. “इतकं सोपं येत नाही?” हे एक वाक्य कानावर पडलं की पुढचे सहा महिने ते मूल शंका विचारत नाही.

‘बरोबर’ या शब्दाचा घोटाळा

मराठीत आपण ५ + ३ = ८ हे ‘पाच अधिक तीन बरोबर आठ’ असं वाचतो. हाच ‘बरोबर’ आपण उत्तर तपासतानाही वापरतो. त्यामुळे पहिलीपासून मुलाच्या मनात त्या दोन रेघांचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा बसतो. मग ते बिनदिक्कत लिहितं : ५ + ३ = ८ × २ = १६ − १ = १५. उत्तर बरोबर असतं, पण लिहिलेलं वाक्य खोटं असतं, कारण ५ + ३ आणि १५ सारखे नाहीत.

ही सवय मोडल्याशिवाय समीकरणाला हात घालू नका. रोज पाच मिनिटं, दोन आठवडे, फळ्यावर अशी वाक्यं लिहा आणि खरं की खोटं विचारा : ७ = ७. १२ = ५ + ७. ६ + ९ = १५ + १. ३७ + ४८ = ३८ + ४७. शेवटचं वाक्य बेरीज न करता तपासायला सांगा. “सर, इकडचा एक तिकडे गेलाय, म्हणजे सारखंच,” असं मूल म्हणालं की त्याचं बीजगणित सुरू झालं, अजून एकही अक्षर आलेलं नसलं तरी. वाचतानाही ‘बरोबर’ऐवजी काही दिवस ‘म्हणजे तितकेच’ असं वाचून घ्या : “आठ अधिक चार, म्हणजे तितकेच जितके सात अधिक पाच.” ऐकायला विचित्र वाटतं, पण उपयोग होतो.

साठ मुलांच्या वर्गात हे करायचं असेल, तर प्रत्येकाला पाटी किंवा वहीचं मागचं पान वर धरायला सांगा. कुणाचं काय चाललंय ते अर्ध्या मिनिटात दिसतं आणि कुणालाही एकट्याने उभं राहावं लागत नाही.

पदांना चौकटी

दुसऱ्या आणि पाचव्या प्रश्नावर अडलेल्यांसाठी मला सगळ्यात भावलेली रीत मुंबईच्या मानखुर्दमधल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विकसित झाली. राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमणियम यांनी अंकगणितातून बीजगणिताकडे जाणाऱ्या मुलांसोबत काम करताना ‘पद’ ही कल्पना मध्यभागी ठेवली. १९ − ७ + ४ यात तीन पदं आहेत : +१९, −७, +४. प्रत्येक पदाभोवती, त्याच्या डावीकडच्या चिन्हासकट, चौकट काढायची. आता चौकटी कशाही हलवा, −७ + ४ + १९ लिहा, किंमत तीच राहते. वजाचं चिन्ह ७ चं आहे आणि ते ७ सोबतच फिरतं, हे डोळ्यांना दिसतं.

५ + ३ × २ यात चौकटी दोनच : +५ आणि +३ × २. गुणाकार चौकटीच्या आत असतो. ज्याला हे दिसतं, त्याला ‘आधी गुणाकार, मग बेरीज’ हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. मग ३क + ४ मध्ये एक चौकट कच्या तिपटीची आणि एक साध्या ४ ची. क किती ते माहीत नसताना या दोन चौकटी एकत्र कशा करायच्या? करता येत नाहीत. ३क + ४ हेच पूर्ण उत्तर आहे. मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण मध्ये अधिकचं चिन्ह दिसत असताना गणित ‘संपलं’ असं त्यांना वाटत नाही. ‘ही एक संख्याच आहे, फक्त तिचं नाव जरा लांब आहे’ असं मी सांगतो.

अक्षर म्हणजे वस्तू नाही

‘३क म्हणजे तीन केळी, २स म्हणजे दोन सफरचंदं, केळी आणि सफरचंदं मिळवता येत नाहीत’ अशी सुरुवात फार ठिकाणी होते. कृपा करून असं सांगू नका. त्या दिवशी वर्ग खूश होतो, पण अक्षर म्हणजे वस्तूचं नाव, हा समज कायमचा बसतो. मग क × ब, म्हणजे कब आला की मूल विचारतं, केळी गुणिले बटाटे म्हणजे काय? इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात किशोरवयीन मुलांच्या बीजगणिताचा मोठा अभ्यास झाला, त्यातही अक्षराला वस्तू समजण्याची चूक ठळकपणे दिसली होती. अक्षर नेहमी संख्या असते : केळ्यांची संख्या, केळ्याची किंमत, केळ्याचं वजन.

एसटीचं उदाहरण मुलांना पटकन कळतं. समजा, मूळ पूर्ण भाडं त रुपये. बाबांचं पूर्ण तिकीट, आईला महिला सवलतीत अर्धं, दहा वर्षांच्या भावाला अर्धं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला मोफत. एकूण भाडं किती? त + त/२ + त/२ + ० = २त. गाव कुठलंही असो, चौघांचं भाडं दोन पूर्ण तिकिटांइतकं होतं. इथे थांबून विचारा, “त म्हणजे काय?” बरीच मुलं म्हणतात, “तिकीट.” नाही, एका पूर्ण तिकिटाचे रुपये. हा फरक वहीत लिहून घ्या : ‘त = एका पूर्ण तिकिटाचे रुपये’. प्रत्येक गणितात अक्षराच्या पुढे संख्या आणि एकक लिहायची सवय लावली, तर सातव्या प्रश्नातली अर्धी चूक आपोआप जाते.

आपल्याकडे यासाठी एक जुना, सुंदर शब्द आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणिता’त अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हटलं जातं, म्हणजे ‘जितकी असेल तितकी’. दुसरी अज्ञात लागली तर कालक, मग नीलक, पीतक अशी रंगांची नावं. लिहिताना त्यांची पहिली अक्षरं या, का, नी, आणि साध्या संख्येसाठी रू. ३क्ष + ४ हे त्या पद्धतीत ‘या ३ रू ४’ होतं. मुलांना एक दिवस या लिपीत गणितं करू द्या. या आणि रू वेगळ्या जातीचे असल्यामुळे मिसळत नाहीत, हे लिहितानाच दिसतं. आपल्या पुस्तकातला ‘सजातीय पदे’ हा शब्द कुठून येतो तेही त्यांना कळतं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाचा उल्लेख आहे. जळगावकडच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बदलतात.

अक्षराची गरज मुलाला स्वतःला वाटावी, यासाठी काड्यापेटीतल्या काड्या पुरतात. एका ओळीत एकमेकांना चिकटून चौरस करा : एका चौरसाला ४ काड्या, दोनला ७, तीनला १०. “शंभर चौरसांना किती?” मोजायचा कंटाळा आला की विचार सुरू होतो. एक जण म्हणतो, “पहिली एक उभी काडी, मग प्रत्येक चौरसाला तीन,” म्हणजे १ + ३न. दुसरी म्हणते, “पहिल्याला चार, बाकीच्यांना तीन-तीन,” म्हणजे ४ + ३(न − १). तिसरा वरच्या, खालच्या आणि उभ्या काड्या वेगळ्या मोजतो : न + न + (न + १). तिघांचंही शंभरासाठी ३०१ येतं. तीन वेगळ्या दिसणाऱ्या राशी एकच कशा? मग कंस सोडवून, सजातीय पदं एकत्र करून तिन्ही ३न + १ होतात. ‘सोपं रूप द्या’ ही आज्ञा मुलांना नेहमी विनाकारण वाटते. इथे पहिल्यांदा तिला कारण मिळतं. या एका कामाला दोन तास द्यावे लागले तरी द्या.

ऋण संख्या : शब्दातच अर्थ आहे

ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले. धन म्हणजे पैसा, ऋण म्हणजे कर्ज. मराठी मुलाला हा अर्थ सांगावा लागत नाही, आठवण करून द्यावी लागते. −३ − ५ : तीन रुपये देणं होतं, आणखी पाच उसने घेतले, एकूण देणं आठ. बेरीज-वजाबाकीचा प्रश्न इथे मिटतो.

गुणाकाराला कर्ज पुरत नाही, त्याला क्रम वापरा. ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. प्रत्येक पायरीवर उत्तर दोनने वाढतंय, तर (−१) × (−२) किती? मुलंच ‘दोन’ म्हणतात. ‘वजा वजा अधिक’ हे वाक्य वर्गात बोलायचंच असेल, तर ‘गुणिले’ हा शब्द मध्ये घालूनच बोला. −२(क − ३) चं −२क − ६ करणारी मुलं दहावीतही असतात. त्यांना पुन्हा चौकटींकडे न्या : कंसात दोन पदं, +क आणि −३, दोघांनाही −२ ने गुणायचं, म्हणून −२क + ६.

समीकरण : उलट चाल, तराजू, पक्षांतर

३क्ष + ५ = २० हे सोडवायला तराजू लागत नाही. “एका संख्येला तिनाने गुणलं, पाच मिळवले, वीस आले.” मागून चालत या : वीसातून पाच काढले, पंधरा, तिनाने भागले, पाच. ही उलट चाल मुलांना सहज जमते, म्हणून सुरुवात तिथून करा.

ती अडते ५क्ष − ३ = २क्ष + ९ अशा समीकरणाला, कारण क्ष दोन्हीकडे असला की मागे यायला एकच वाट उरत नाही. इथे तराजू हवा. वाण्याच्या दुकानातला दोन पारड्यांचा तराजू आता मुलांनी क्वचितच पाहिलेला असतो, म्हणून काठी, दोरा आणि दोन वाट्यांचा एक करून दाखवा. दोन्ही पारड्यांतून सारखंच काढलं की काठी आडवी राहते. पण तराजूत −३ ठेवता येत नाही. तेव्हा तराजूवर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळू नका. त्यातून ‘दोन्ही बाजूंना तेच करा’ एवढं वाक्य घ्या आणि कागदावर या. प्रत्येक ओळीशेजारी काय केलं ते लिहायला लावा :

५क्ष − ३ = २क्ष + ९
३क्ष − ३ = ९ (दोन्ही बाजूंतून २क्ष वजा)
३क्ष = १२ (दोन्ही बाजूंत ३ मिळवले)
क्ष = ४ (दोन्ही बाजूंना ३ ने भागले)
ताळा : ५ × ४ − ३ = १७, २ × ४ + ९ = १७.

पक्षांतर, म्हणजे पद दुसऱ्या बाजूला नेताना त्याचं चिन्ह बदलणं, ही या लेखनाची लघुलिपी आहे. किमान महिनाभर मूल लांब पद्धतीने लिहीत असेल आणि स्वतःच कंटाळून “सर, मधली ओळ गाळू का?” असं विचारत असेल, तेव्हाच तिला परवानगी द्या. सुरुवातीच्या मुलासोबत मी हेच केलं. तीन आठवडे ‘बाजू बदलली’ हे शब्द आम्ही बंद ठेवले. ताळा मात्र कधीही गाळू देऊ नका. ताळा करणाऱ्या मुलाला उत्तर बरोबर आहे का हे शिक्षकाला विचारावं लागत नाही आणि या वयाला ते फार आवडतं.

शाब्दिक उदाहरणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मुलं म्हणतात, “समीकरण दिलं तर सोडवतो, पण तयार करता येत नाही.”

पहिला अडथळा भाषेचा. मराठीत ‘ने’ आणि ‘पट’ या दोन छोट्या शब्दांवर सगळं अवलंबून असतं : ‘५ ने जास्त’ म्हणजे बेरीज, ‘५ पट’ म्हणजे गुणाकार. वाचताना त्यांच्याखाली रेघ ओढायला लावा. सेमी इंग्रजीच्या मुलांची अडचण वेगळी आहे. इंग्रजीत ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ असं वाक्य आलं की मूल डावीकडून उजवीकडे ५ − क्ष लिहून टाकतं. मराठीत हेच ‘क्ष पेक्षा ५ ने कमी’ असं होतं आणि शब्दांच्या क्रमाने लिहिलं तरी क्ष − ५ बरोबर येतं. म्हणून माझा आग्रह असतो की सेमीच्या मुलांनी गणित इंग्रजीत वाचावं, मराठीत स्वतःला सांगावं आणि मग लिहावं. वहीच्या शेवटी दोन रकाने करा : डावीकडे पुस्तकातला इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ आणि एक छोटं उदाहरण. ‘फॅक्टराइझ’ हा शब्द तोंडपाठ असतो, पण त्याचा अर्थ ‘गुणाकाराच्या रूपात लिही’ असा आहे हे अनेकांना माहीत नसतं.

दुसरा अडथळा सातव्या प्रश्नातला. ‘प्रत्येक शिक्षकामागे ३० विद्यार्थी’ हे वाचून बरीच मुलं ३०व = श लिहितात. ही चूक आपल्याच मुलांची नाही. अमेरिकेत १९८० च्या सुमारास जॉन क्लेमेंट यांनी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असाच प्रश्न दिला होता, तिथेही अनेकांनी समीकरण उलटं लिहिलं. यावर मी दोन उपाय करतो. वाक्य आधी ‘विद्यार्थ्यांची संख्या शिक्षकांच्या संख्येच्या ३० पट आहे’ असं बदलून घ्यायचं, म्हणजे व = ३०श शब्दांच्या क्रमाने येतं. मग खऱ्या आकड्यांनी तपासायचं : शिक्षक २ असतील तर विद्यार्थी ६०. ३०व = श मध्ये ६० घातले तर शिक्षक १८०० होतात. मूल स्वतःच हसून खोडतं.

तिसरा अडथळा म्हणजे ‘क्ष मानू’ इथेच हात थांबतो. त्यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे आधी अंदाज. उदाहरण घ्या : ‘आईचं वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त आहे. दोघींच्या वयांची बेरीज ४८. मुलीचं वय किती?’

“मुलगी किती वर्षांची असेल? काहीही सांग.”
“दहा.”
“मग आई?”
“तीस आणि चार, चौतीस.”
“बेरीज?”
“चव्वेचाळीस. कमी पडले.”
“मग?”
“बारा. आई चाळीस. बेरीज बावन्न. जास्त झाले. मग अकरा.”

उत्तर मिळालं, पण इथे थांबायचं नाही. विद्यार्थिनीने केलेली आकडेमोड तक्त्यात लिहा : १०, ३ × १० + ४, बेरीज. १२, ३ × १२ + ४, बेरीज. तिसऱ्या ओळीत १० किंवा १२ च्या जागी म लिहा : म, ३म + ४, बेरीज ४म + ४. ही बेरीज ४८ हवी, म्हणून ४म + ४ = ४८, म = ११. समीकरण कुठून येतं ते आता दिसलं : जे अंकांनी केलं, तेच अक्षराने लिहिलं. मुलीचं वय एकाने वाढलं की बेरीज चाराने वाढते, आणि ४म मधला ४ तोच, हेही तक्त्यात सापडतं. संख्या धरून चालण्याची ही रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ‘इष्टकर्म’ म्हणून आहे. अंदाज करणं म्हणजे फसवणूक आहे, असं मुलाला वाटू देऊ नका. महिनाभर प्रत्येक शाब्दिक गणित आधी दोन अंदाजांनी आणि मग अक्षराने करून घ्या.

विस्तार आणि अवयव : कात्री घेऊन बसा

(अ + ब)² = अ² + ब² ही चूक कितीही वेळा खोडली तरी परत येते. ती जायला चित्र लागतं. जाड कार्डशीटचे तीन प्रकारचे तुकडे कापा : २ सेंमी बाजूचे लहान चौरस, २ सेंमी रुंद आणि ७.३ सेंमी लांब पट्ट्या, आणि ७.३ सेंमी बाजूचे मोठे चौरस. लांबी मुद्दाम ७.३ ठेवा. ती ८ ठेवली, तर मुलं चार लहान चौरस लावून ‘क म्हणजे ४’ असं ठरवून मोकळी होतात.

(क + ३)² मांडायला सांगा. एक मोठा चौरस, दोन बाजूंना तीन-तीन पट्ट्या आणि कोपऱ्यात नऊ लहान चौरस. पट्ट्या सोडून दिल्या तर भोकं दिसतात. ‘क² + ९’ लिहिणाऱ्याला बोलायची गरज पडत नाही, भोकांवर बोट ठेवायचं. अवयव पाडणं म्हणजे याच्या उलट : एक मोठा चौरस, पाच पट्ट्या, सहा लहान चौरस दिले, त्यांचा आयत करून दाखव. हलवाहलव करता करता (क + २)(क + ३) सापडतं, आणि मधल्या पदाची फोड ३ + २ अशीच का करायची तेही कळतं.

दहावीची पूर्ण वर्ग पद्धतही अशीच शिकवा. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी क² + १०क = ३९ हे आकृतीनेच सोडवलं होतं. क बाजूचा चौरस, त्याच्या दोन बाजूंना क लांब आणि ५ रुंद असे दोन आयत. कोपरा रिकामा राहतो, तो ५ × ५ म्हणजे २५ चा. तो भरला की ३९ + २५ = ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणून क = ३. दुसरं मूळ −१३ आहे, ते मात्र चित्रात दिसत नाही, कारण बाजूची लांबी ऋण नसते. चित्राची मर्यादा मुलांना तिथेच सांगा. क² − क − ६ सारख्या राशींसाठी दोन बाय दोनची चौकट आखून प्रत्येक घरात गुणाकार लिहायचा, म्हणजे कागदी तुकडे नसले तरी मांडणी तीच राहते.

दोन चलं आणि परीक्षा

दोन चलांची समीकरणं मुलांना तोंडी येतातच. दोन वडापाव आणि एक चहा ५० रुपये, दोन वडापाव आणि तीन चहा ७० रुपये. “दोन चहांचे वीस जास्त झाले, म्हणजे चहा दहाचा.” हाच चलाचा लोप. आधी हे, मग आलेख, म्हणजे दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू म्हणजेच उकल हे दिसेल. क्रेमरची पद्धत, म्हणजे निश्चयक मांडून सूत्राने उकल काढणं, सगळ्यात शेवटी. तिने गुण मिळतात, पण समज वाढत नाही. ती आधी शिकवली, तर बाकीच्या पद्धती मुलं सोडून देतात.

सरावाबद्दल एक आग्रह आहे. एकाच प्रकारची तीस गणितं देण्याऐवजी नव्या प्रकाराची दोन गणितं पूर्ण सोडवून द्या. मूल ती ओळीओळीने वाचेल आणि प्रत्येक ओळ का आली ते तुम्हाला सांगेल. पुढची दोन अर्धी सोडवलेली द्या, त्यापुढची दोन कोरी. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात बीजगणितावरच हा प्रयोग मांडला होता, आणि नवख्या विद्यार्थ्यांना सोडवलेल्या उदाहरणांचा चांगला उपयोग झाला होता. मला तो वर्गात दरवर्षी दिसतो. आठवड्यातून एकदा मागच्या दोन महिन्यांची मिसळ द्या, कारण दहावीच्या गणित भाग १ च्या चाळीस गुणांच्या पेपरात कुठली पद्धत वापरायची ते प्रश्नावर लिहिलेलं नसतं.

सहा आठवड्यांनी तोच सात प्रश्नांचा कागद पुन्हा द्या, आकडे बदलून. पहिले पाच सुधारले आणि सातवा चुकला, तर अंदाजांच्या तक्त्यावर आणखी तीन आठवडे घालवा, नवा धडा घेऊ नका. पहिलाच प्रश्न अजून चुकत असेल, तर समीकरणं बंद करून ‘खरं की खोटं’च्या पाच मिनिटांकडे परत जा. दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलालाच दाखवा. काय बदललं ते त्यालाच सांगू द्या, आणि तो सांगत असताना तुम्ही फक्त ऐका.